डिशवॉशरमधलं पाणी गेलंच नाही, की जाऊन परत आलं?

सकाळी चहासाठी कप काढायला डिशवॉशरचं दार उघडलं आणि तळाशी चांगलं दोन बोटं पाणी. वर राखाडी तवंग, त्यात पाच-सहा मोहऱ्या आणि कढीपत्त्याचा एक देठ. रात्री प्रोग्राम संपल्याची पिपाणी मी स्वतः ऐकली होती. वरच्या रॅकमधले कप तर लख्ख होते.

गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत हे आमच्याकडे सहा वेळा झालं. दर वेळी पाणी उपसायचं, फिल्टर धुवायचा, मशीन चालू करायचं. दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि पुन्हा तेच. मधे दोनदा सर्व्हिसचा माणूस येऊन गेला. पहिल्यांदा त्याने फिल्टर धुऊन दाखवला आणि "मॅडम, खरकटं काढून भांडी लावत जा" असा सल्ला दिला. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला! दुसऱ्यांदा त्याने ड्रेन पंप बदलला, त्याचे दोन हजारांवर रुपये गेले. नव्या पंपानंतर अकराव्या दिवशी पाणी पुन्हा हजर.

मशीनचा काही दोष नव्हता, हे कळायला मार्च उजाडला. मी ज्या क्रमाने चुकत गेले तो सोडून देते आणि आज पाणी साचलं तर ज्या क्रमाने बघेन त्या क्रमाने लिहिते.

हे पाणी नेमकं कुठलं?

पंप, फिल्टर, पाइप यांतल्या कशालाही हात लावायच्या आधी एवढं ठरवा: पाणी बाहेर गेलंच नाही, की गेलं आणि परत आलं? वारंवार होणाऱ्या तक्रारीत अर्धं उत्तर इथेच असतं, आणि मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. मलाही सुचला नाही.

डिशवॉशर एका वेळी साधारण तीन-चार लिटर पाणी घेतो, तेच खालून-वरून फवारत राहतो, मग पंपाने बाहेर फेकतो. एका प्रोग्राममध्ये हे तीन-चार वेळा होतं. म्हणजे निचरा खरोखरच बंद असेल तर पहिल्याच फेरीत मशीन अडतं. बहुतेक मशीन मग मधेच थांबतात आणि कोड दाखवतात. बॉशवर ई-२४ किंवा ई-२५, एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी, ही सगळी निचऱ्याचीच रड आहे. भांडी ओली, चिकट, कपांच्या बुडाशी गढूळ पाणी. लगेच दार उघडलंत तर तळाचं पाणी कोमट लागतं.

याउलट प्रोग्राम शेवटपर्यंत गेला, भांडी स्वच्छ आणि कोरडी निघाली आणि तरी तळाशी थंडगार घाण पाणी आहे, तर ते पाणी नंतर आलेलं आहे. स्वच्छ भांडी आणि गलिच्छ पाणी एकाच वेळी एकाच मशीनमधून निघत नाहीत. आमच्या लख्ख कपांकडे मी सहा वेळा बघितलं आणि सहाही वेळा हे डोक्यात आलं नाही.

खात्री करायची तर एक रात्र जागा. प्रोग्राम संपला की पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, दार उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चने तळ बघा. सकाळी पुन्हा बघा. रात्री कोरडं आणि सकाळी ओलं असेल तर पंपवाल्याला फोन करू नका.

दोन गोष्टी मात्र दोष नव्हेतच. फिल्टर काढला की खाली जो खळगा दिसतो त्यात थोडं पाणी कायम असतं. तिथलं रबरी सील कोरडं पडू नये म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं. सपाट जाळीच्या वर पाणी दिसलं तरच काळजी. दुसरं म्हणजे लाईट. रात्री लाईट गेली, मशीन मधेच थांबलं आणि सकाळी आपण दार उघडलं, तर पाणी असणारच. लाईट आल्यावर दार लावून प्रोग्राम पुरा होऊ द्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी याच कारणासाठी मेकॅनिकला व्हिजिट चार्ज दिला आहे.

उपसताना

आधी भिंतीवरचं बटण बंद, मग अँगल कॉक, म्हणजे मशीनला पाणी देणारा नळ, बंद. गरम प्रोग्राम होता तर पाणी ७० अंशांपर्यंत तापलेलं असू शकतं, ते निवू द्या. खालचा रॅक बाहेर काढा, वाटीने उपसा, शेवटचं पाणी स्पंजने टिपा. मशीन तिरकं करून पाणी ओतून टाकायचा मोह आवरा. बऱ्याच मशीनच्या बुडाशी एक ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा. ट्रेमध्ये पाणी गेलं की तो तुकडा वर उचलला जातो, मशीनला वाटतं गळती झाली, आणि ते पाणी घ्यायलाच नकार देतं. बॉशवर तेव्हा ई-१५ येतं. एक दुखणं असताना दुसरं विकत घेतल्यासारखं.

आणि उपसलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका. एका स्टीलच्या पातेल्यात घ्या, उजेडात बघा, नाकाशी न्या. किळसवाणं आहे, कबूल. पण फोडणीचा वास येतो, की सिंकचा कुबट, की कपड्यांच्या पावडरीचा, यावर पुढची सगळी दिशा ठरते.

फिल्टर आणि पंप

फिल्टरबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. मधला दंडगोल डावीकडे फिरवून उचला, खालची सपाट स्टीलची जाळीही काढा. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते, आणि फाटलेल्या जाळीतून जिरं थेट पंपात जातं. आपल्या स्वयंपाकात फिल्टर तुंबवणारे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे चहाचा चोथा, ओल्या खोबऱ्याचा कीस, पोह्यांचे कण आणि भाताची शितं. शितं शिजून शिजून खळ होतात आणि जाळीवर अदृश्य पापुद्रा धरतात. जाळी उजेडासमोर धरा. भोकं दिसत असतील पण पाणी ओतल्यावर थेंब अडून राहत असतील तर तो पापुद्रा अजून आहे. लोणच्याच्या किंवा जॅमच्या बरणीची कागदी लेबलं हा वेगळाच ताप. बरणी लेबलासकट आत घातली की लेबलाचा लगदा होतो आणि तो कुठेही जाऊन बसतो.

परत बसवताना दंडगोल उजवीकडे फिरवून खट्ट होईपर्यंत न्या. नुसता ठेवला तर फवाऱ्याच्या जोराने उचलला जातो.

फिल्टरखालच्या खळग्यात एका बाजूला पंप असतो. बऱ्याच मशीनमध्ये त्यावर प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. चमच्याच्या दांड्याने उचकटलं की आत लहानसा पंखा. हातात जाड मोजे घाला, कारण फुटलेल्या कपाची किंवा ग्लासची कपची हमखास इथे सापडते. पंखा बोटाने फिरवून बघा. तो पंख्यासारखा सरसर फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. मी पहिल्यांदा घाबरले होते. आत लोहचुंबक असतं, त्यामुळे तसंच फिरायचं असतं. एका जागी ठाम अडला आणि जोर लावूनही पुढे सरकला नाही तरच काहीतरी रुतलंय असं समजा. आमच्या पंपात आजवर निघालेल्या वस्तू: लिंबाच्या बिया, टूथपिकचा तुकडा, चिंचेची शीर, आणि एकदा लेकीच्या कानातल्याची फिरकी.

झाकण परत नीट बसलं नाही तरी पंप पाणी ओढत नाही. स्वतः साफसफाई केल्यावर "आता तर अजिबातच पाणी जात नाहीये" अशी वेळ आली तर आधी हे झाकण बघा.

कान लावा

फिल्टर बसवा, तळाशी दोन लिटर पाणी ओता, दार लावा आणि निचरा चालवा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की प्रोग्राम रद्द होतो आणि मशीन आधी पाणी फेकून देतं. आता बोलू नका, ऐका.

भरदार घुर्रर्र आणि पाठोपाठ भिंतीतल्या पाइपात पाण्याचा आवाज, म्हणजे सगळं ठीक. नुसतंच म्हशीसारखं हुंकारणं, पाणी नाही, म्हणजे पंपाला वीज मिळतेय पण पंखा अडकलाय. खडखड किंवा करकर, म्हणजे आत बी नाहीतर काच. अजिबात आवाज नाही, तर वायर, मोटर किंवा सर्किट. हे मेकॅनिकचं काम, तिथे हात घालू नका. आणि पंप जोरात, मोकळा फिरतोय, पण पाणी थेंबथेंब जातंय, तर पुढची परीक्षा घ्या.

बादली

या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मशीनची करडी, वळ्यावळ्यांची नळी जिथे भिंतीतल्या किंवा सिंकच्या पाइपाला जोडली आहे तिथून ती काढा. क्लिप असेल तर स्क्रू ड्रायव्हरने सैल होते. खाली फडकं ठेवा, वाटीभर काळं पाणी सांडेलच. नळीचं टोक बादलीत धरा आणि निचरा चालवा.

बादली जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. नळीचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली गेलं तर एकदा सुरू झालेलं पाणी पंपाशिवायही आपोआप ओढलं जातं, आणि मरतुकडा पंपसुद्धा पैलवान वाटतो. टोक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर हवं.

आता बघा. पाणी नळीतून जोरात फेकलं गेलं आणि मिनिटाभरात तळ रिकामा झाला, तर मशीन निर्दोष सुटलं. खोट भिंतीच्या बाजूला आहे. धार बारीक असेल तर नळी पूर्ण काढून बेसिनच्या नळाला लावा. नळीतून नळाचं पाणीही रडतखडत येत असेल तर नळी आतून माखलेली आहे किंवा मशीनमागे दबून चपटी झाली आहे. फरशी पुसायला मशीन ओढलं आणि परत आत ढकललं की हे फार सहज होतं. नळी मोकळी आहे आणि तरी धार बारीक, तरच पंपाकडे वळा.

दुसरी अर्धी परीक्षा भिंतीची. नळी काढलेल्या पाइपाच्या तोंडात तांब्याने भराभर पाणी ओता. दोन तांबे गिळून तिसऱ्याला पाणी वर तोंडाशी आलं तर पाइप पुढे कुठेतरी तुंबला आहे.

सर्व्हिसच्या माणसाने पंप बदलण्याआधी ही बादली ठेवली असती तर माझे पैसे वाचले असते. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडे कुणी "पंप गेलाय" म्हणालं तर बादली तुम्हीच पुढे करा. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

कॅलेंडरवरचा सोमवार

दूधवाल्याचे खाडे, सिलिंडरची तारीख, मावशींच्या सुट्ट्या, सगळं आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं जातं. पाणी साचलं की मी तिथे निळ्या पेनने 'पाणी' असं खरडत होते, पुढे सर्व्हिसवाल्याशी भांडायला तारखा हाताशी असाव्यात म्हणून. मार्चमध्ये मागची पानं चाळली तर सहापैकी पाच 'पाणी' सोमवारच्या चौकटीत.

डिशवॉशर तर आम्ही रोज रात्री लावतो. सोमवारचं वेगळं काय? रविवारी रात्री मी चादरी-अभ्रे वॉशिंग मशीनमध्ये टाकून टायमर लावते, म्हणजे सोमवारी पहाटे धुऊन तयार. उरलेला सहावा 'पाणी' भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा, तेव्हा पाहुण्यांच्या चादरी धुतल्या होत्या.

मग त्या पातेल्यातल्या पाण्याचा वास आठवला. कपड्यांच्या पावडरीचा होता. लेक दोनदा म्हणाली होती, "आई, चहाला साबणाचा वास येतोय," आणि मीच तिला नखरे करू नकोस म्हणून गप्प केलं होतं.

पुढची साखळी सरळ होती. गणपतीच्या आधी ड्राय बाल्कनीतल्या फरशा बदलल्या, तेव्हा वॉशिंग मशीन बाथरूममधून तिथे, डिशवॉशरच्या शेजारी आलं. भिंतीत निचऱ्याचं तोंड एकच. प्लंबरने त्याला वाय, म्हणजे इंग्रजी Y सारखा दोन फाट्यांचा जोड, लावला आणि दोन्ही मशीनच्या नळ्या त्याच्या दोन फाट्यांत खोचल्या, वरून टेप गुंडाळून घट्ट. डिशवॉशरची नळी जमिनीवरून सरपटत थेट त्या फाट्यात. वॉशिंग मशीनचा पंप दांडगा, तो एका दमात बादल्या बादल्या पाणी सोडतो. पुढचा पाइप मोकळा होता तोवर ते पाणी निमूट खाली गेलं. पुढे वाट अरुंद झाल्यावर त्याने दुसरा फाटा धरला आणि डिशवॉशरच्या पोटात उतरलं. उलटं पाणी येऊ नये म्हणून मशीनच्या आत एक झडप असते, प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात. आमच्या झडपेच्या काठाला चरबी आणि जिरं चिकटून ती अर्धवट उघडीच राहिली होती.

तुमच्या घरी दुसरं मशीन नसेल तर सिंक हे काम करतं. डिशवॉशरची नळी सिंकच्या पाइपाला जोडलेली असते, बरेचदा आरओचं वाया जाणारं पाणीही तिथेच सोडलेलं असतं. सिंक तुंबलं, कुणी भरलेला टब एकदम रिकामा केला, की ते पाणी डिशवॉशरकडे. ओळखायची खूण म्हणजे तळाच्या पाण्यात तुम्ही डिशवॉशरमध्ये घातलंच नव्हतं असं काहीतरी सापडतं. कोथिंबिरीचं पान, कणकेचा गोळा.

नळीचा डोंगर

यावर पहिला उपाय एक पैसाही न लागणारा आहे. नळीला भिंतीतल्या तोंडाकडे जाण्याआधी एकदा उंच चढवायचं, ओट्याच्या खालच्या बाजूला क्लिपने किंवा प्लास्टिकच्या टायने बांधायचं, आणि मग खाली उतरवायचं. हा डोंगर. बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत नळीची उंची जमिनीपासून किमान ४० सेंटिमीटर आणि कमाल मीटरभर अशी दिलेली असते. आपल्या मशीनचा आकडा बघून घ्या. फार उंच नेली तर पंपाचा दम तुटतो.

हा डोंगर दोन्ही बाजूंची चोरी थांबवतो. बाहेरचं पाणी आत यायचं तर त्याला आधी डोंगर चढावा लागतो. आणि आतलं पाणी आपोआप बाहेर सांडायचं तर त्यालाही. ज्यांनी लहानपणी पिंपातून डब्यात रॉकेल काढलं असेल त्यांना कळेल: नळी एकदा भरली आणि दुसरं टोक खाली असलं की पुढे काही करावं लागत नाही. ड्राय बाल्कनीत नळीचं टोक नुसतं नहाणी ट्रॅपवर टाकून दिलेलं असतं तिथे हेच होतं. मशीन पाणी घेतं, पाणी पाठोपाठ निघून जातं, मशीन पुन्हा घेतं. तक्रार "पाणी जात नाही"च्या अगदी उलट, कारण तेच.

नळी भिंतीच्या पाइपात वीतभर आत खुपसून, वरून एम-सील लावून हवाबंद करणं हाही आपल्याकडचा लाडका प्रकार आहे. वास येऊ नये हा हेतू चांगला असतो. पण नळीचं टोक आतल्या साचलेल्या पाण्यात बुडतं आणि हवा शिरायला जागा राहत नाही, त्यामुळे ओढ लागते. टोक चार बोटं आत पुरतं. वासासाठी पाइपालाच पाण्याचा ट्रॅप हवा, सील नव्हे.

एल्बोतली साबणवडी

आमचा वाय गणपतीपासून होता, पाणी मात्र दिवाळीनंतर साचायला लागलं. हे कोडं प्लंबरने भिंतीजवळचा एल्बो, म्हणजे पाइपाचा कोपरा, उघडला तेव्हा सुटलं. आत पांढरट-पिवळा, नखाने खरवडला तर साबणवडीसारखा सुटणारा थर. दीड इंची पाइपात जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक उरलेलं.

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं हे डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तूप आणि डालडा त्याहूनही आधी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि ड्राय बाल्कनी तर उघडीच. डिशवॉशरमधून गरम निघालेलं तुपकट पाणी बाहेरच्या गार एल्बोपाशी पोचेपर्यंत निवतं आणि तूप तिथे बसतं. त्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळलं जातं. जड पाण्यातलं कॅल्शियम चरबीशी जोडी जमवून न विरघळणारा साबण करतं. तोच तो थर. दिवाळीच्या कढया, चकल्यांचे झारे, अनारशांचं तूप, सगळं त्या एल्बोत जमा होतं.

म्हणून आता कढई आणि तुपाची भांडी आत ठेवण्याआधी कागदाने पुसते. विसळत नाही, पुसते. विसळलं तर तेच तूप सिंकच्या पाइपात. थंडीत आठवड्यातून एकदा ७० अंशांचा प्रोग्राम. निव्वळ ५० अंशांच्या इकोवर तुपकट भांडी रोज धुतली तर नळी आतून माखत जाते.

ड्रेन मोकळा करायची दाणेदार रसायनं डिशवॉशरमध्ये ओतू नका. ती कॉस्टिक सोड्याची असतात, रबरी सील खातात, आणि नंतर कुणी नळी उघडली तर ते पाणी त्याच्या तोंडावर उडतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय लोक फार सांगतात. फेस छान येतो. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळी होतात आणि चरबी जागच्या जागी. मी दोनदा करून बघितलं आहे. नळी काढून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवली, मग नळाच्या जोराने धुतली, हे खरं कामाला आलं.

फेस आणि फरिदाबादी कॅप

फेसाचं एक वेगळं प्रकरण आहे. भाचा राहायला आला होता, डिशवॉशरची पावडर संपली म्हणून त्याने भांडी घासायचं लिक्विड घातलं. दाराच्या फटीतून फेस बाहेर. पंपाच्या वाट्याला पाण्याऐवजी हवा येते, तो फेसात नुसता फिरत राहतो आणि निचरा होत नाही. फेस वाटीने काढा, उरलेल्यावर चमचाभर खायचं तेल टाका, बसू द्या, मग गार पाण्याने दोनदा निचरा चालवा. मेकॅनिक लागत नाही.

नवं सिंक किंवा नवा वेस्ट पाइप बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी डिशवॉशर अडला असेल तर आणखी सोपं. सिंकच्या पाइपाला नळी जोडायचा जो फाटा असतो, त्याचं तोंड नव्या मालात प्लास्टिकने बंद असतं आणि ते कापायचं राहून जातं. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीकडे सिंकखाली खरकटं दळायचं यंत्र बदललं, तिथेही हेच झालं. त्या यंत्राच्या बाजूला डिशवॉशरसाठी बंद तोंड असतं, ते स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून फोडायचं आणि आत पडलेली चकती उचलून घ्यायची. फेसटाइमवर तिची नळी काढायला लावली आणि मागून फाट्यावरचं ते कोरं प्लास्टिक दिसलं. फरिदाबादची आमची एक मैत्रीण असंच कोरं टोक तीन दिवस शोधत होती, त्यावरून घरात त्याचं नाव 'फरिदाबादी कॅप' पडलं.

आता काय केलंय

वाय काढून टाकला. डिशवॉशरला वेगळं तोंड काढून घेतलं, ते सिंकच्या ट्रॅपच्या वरच्या बाजूला. नळीचा डोंगर ओट्याखाली टायने बांधला. एल्बो बदलून तिथे उघडता येईल असा, झाकणाचा एल्बो बसवला. दसऱ्याच्या आधी आणि होळीनंतर तो उघडून बघायचं ठरवलंय. झडप काढून धुतली. सोमवारच्या चादरी आजही पहाटेच धुतल्या जातात.

मेकॅनिकला बोलवायचंच, अशा वेळा थोड्या आहेत: बटण लावलं की एमसीबी पडतो, जळकट वास येतो, बुडाच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा पाणी येतं, किंवा पंप मुका आहे. बाकी सगळं बादली आणि वाटीच्या आवाक्यातलं आहे.

एप्रिलमध्ये एकदा पुन्हा पाणी दिसलं आणि पोटात गोळा आला. रात्री टॉर्च घेऊन बसले. प्रोग्राम मधेच थांबला होता, पाणी कोमट होतं, वास फोडणीचा. म्हणजे या वेळी गेलंच नव्हतं. बादलीत धार बारीक, पंप करकरत होता. झाकण उचकटलं तर पंख्यात लिंबाची बी, तीही अर्धीच. दुसरी अर्धी अजून सापडलेली नाही.